स्वित्झर्लंडचं बजेट: फ्रँक नेमका कुठे जातो?

जर्मनीच्या सीमेजवळ राहणारे स्विस लोक सुट्टीच्या दिवशी पिशव्या घेऊन पलीकडच्या कोन्स्टान्झसारख्या गावात बाजारहाट करायला जातात. मटण, चीज, शाम्पू, लहान मुलांचे डायपर, सगळं तिकडून आणतात. ही सवय इतकी पसरली की 1 जानेवारी 2025 पासून स्विस सरकारने बाहेरून करमुक्त आणता येणाऱ्या मालाची मर्यादा माणशी 300 फ्रँकवरून 150 फ्रँकवर आणली. म्हणजे स्वित्झर्लंड महाग आहे ही फक्त रुपयात कमावणाऱ्यांची तक्रार नाही. तिथे फ्रँकमध्ये पगार घेणारा माणूसही चिकन घेताना दोनदा विचार करतो.

तरीही ‘स्वित्झर्लंडला किती खर्च येतो?’ या प्रश्नाला बहुतेक जण एकच आकडा सांगतात, माणशी दिवसाला इतके हजार. हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. एका दिवशी तुम्ही तळ्याकाठी चालता, नळाचं पाणी पिता, दुकानातला पाव-चीज खाता आणि तीस फ्रँकमध्ये दिवस उरकतो. दुसऱ्या दिवशी डोंगरावर जाता आणि दुपारपर्यंत दोनशे फ्रँक उडालेले असतात. या दोन दिवसांची सरासरी काढून हाती काहीच लागत नाही. पैसा कशावर जातो आणि का जातो हे कळलं, तर कुठे हात आखडायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे आपोआप ठरतं.

आधी ‘का’ ते बघू. सगळ्यांना वाटतं की तिकडे कर फार असतील. उलट आहे. स्वित्झर्लंडमध्ये वस्तूंवरचा मूल्यवर्धित कर 8.1 टक्के आहे, खाद्यपदार्थांवर 2.6 आणि हॉटेलच्या खोलीवर 3.8. शेजारच्या जर्मनीत सर्वसाधारण दर 19 टक्के आहे. महागाईचं मूळ पगारात आहे. देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा नाही. 2014 मध्ये तसा प्रस्ताव सार्वमतात पडला. पण जिनिव्हा प्रांताने 2020 मध्ये स्वतःचं किमान वेतन मंजूर केलं आणि 2025 मध्ये ते तासाला सुमारे साडेचोवीस फ्रँक होतं. हिशेबाला 1 फ्रँक म्हणजे 110 रुपये धरला, तर हे तासाला 2,700 रुपये झाले. तुमच्या टेबलावर सूप आणून ठेवणाऱ्याचा, खोलीची चादर बदलणारीचा आणि केबल कारचं दार लावणाऱ्याचा तास या भावाने मोजला जातो. भर म्हणून शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी परदेशी मांसावर आणि दुग्धजन्य पदार्थांवर जबर आयात शुल्क आहे.

यातून एक साधा ठोकताळा निघतो. जिथे माणसाचा वेळ लागतो, तिथे स्वित्झर्लंड भयंकर महाग. जिथे लागत नाही, तिथे नुसतं महाग. रेस्टॉरंटमधला पास्ता पंचवीस-तीस फ्रँकला पडतो. तोच पास्ता पाकिटातून काढून स्वतः उकडला तर सॉससकट माणशी तीन-चार फ्रँकमध्ये भागतो. शाकाहारी मंडळींना इथे अनपेक्षित फायदा आहे, कारण सगळ्यात चढे भाव मांसाचे आहेत.

प्रवासाचा पास: गणित एकदा कागदावर करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. परदेशी पाहुण्यांसाठी दोन मुख्य पर्याय आहेत. पहिला स्विस ट्रॅव्हल पास. ठरावीक दिवस रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी आणि शहरांतल्या ट्राम सगळं त्यात येतं, शिवाय पाचशेच्या वर संग्रहालयं. 2025 मध्ये सेकंड क्लासचा 3 दिवसांचा पास 244 फ्रँकला, 4 दिवसांचा 295, 6 दिवसांचा 379, 8 दिवसांचा 419 आणि 15 दिवसांचा 459 फ्रँकला होता. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड. हे 150 फ्रँकचं कार्ड महिनाभर चालतं आणि जवळपास प्रत्येक तिकीट निम्म्या किमतीत देतं.

आपल्याकडचे लोक डोळे झाकून ट्रॅव्हल पास घेतात, कारण तो ‘सगळ्यात सोपा’ म्हणून विकला जातो. सोपा आहेच. स्वस्त आहे की नाही, हे तुमच्या फिरण्यावर ठरतं. स्विस रेल्वेचं, म्हणजे एसबीबीचं अ‍ॅप उघडा, आपले सगळे प्रवास एकेक करून टाका आणि पूर्ण भाड्याची बेरीज करा. 6 दिवसांच्या पासशी तुलना करायची तर कार्डाचे 150 आणि त्या बेरजेचा अर्धा भाग मिळून 379 च्या खाली राहतो का ते पाहायचं. पूर्ण भाड्याची बेरीज साधारण 458 फ्रँकपर्यंत असेल तर हाफ फेअर कार्ड स्वस्त. त्याच्या वर गेली तर पास. 8 दिवसांच्या पाससाठी हा आकडा 538 आहे.

आता यात डोंगर मिसळा, म्हणजे गणित बदलतं. ट्रॅव्हल पास घेतला की सगळे डोंगर फुकट, असा समज आहे. ल्युसर्नजवळचे रिगी, स्टान्सरहॉर्न आणि स्टूस खरोखरच पासमध्ये येतात. टिटलिसला पासवर निम्मं भाडं लागतं. आणि बर्फातलं युंगफ्राऊयोख स्टेशन, ज्याच्यासाठी निम्मे भारतीय तिथे जातात, तिथे पास फक्त ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो. त्यापुढे जेमतेम 25 टक्के सवलत. हाफ फेअर कार्डावर मात्र वरपर्यंत अर्धं तिकीट. वरच्या टप्प्याचं पूर्ण भाडं सोयीसाठी 200 फ्रँक धरलं, तर पासवाला 150 देतो आणि कार्डवाला 100. त्यामुळे युंगफ्राऊ यादीत असेल तर 6 दिवसांच्या पासची फायद्याची रेषा 458 वरून 558 वर सरकते. रोज मुक्काम न बदलता एक-दोन ठिकाणी बसून फिरणाऱ्या कुटुंबाचं उरलेलं भाडं तेवढं क्वचितच होतं.

मुलांचा विषय सोपा आणि आनंदाचा आहे. सहा वर्षांखालची मुलं फुकट. सहा ते सोळाच्या आतल्या मुलांना आई किंवा बाबांकडे पास अथवा हाफ फेअर कार्ड असेल तर फॅमिली कार्ड मोफत मिळतं आणि त्यावर ती आई-बाबांसोबत फुकट फिरतात. ते खरेदीच्या वेळी आठवणीने मागून घ्यायचं, आपोआप येईलच असं नाही. काही डोंगरी गाड्यांवर मुलांचे नियम वेगळे आहेत, तेवढे पाहून घ्या.

ज्यांना थोडी खटपट चालते त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. एसबीबीवर ‘सेव्हर डे पास’ मिळतो, म्हणजे एका दिवसाचा देशभर चालणारा पास. लवकर काढला तर हाफ फेअर कार्डवाल्यांना 29 फ्रँकपासून आणि इतरांना 52 पासून मिळतो. तारीख जवळ येईल तशी किंमत चढत जाते. लांबच्या प्रवासाचे दोन दिवस यावर टाकायचे आणि उरलेले दिवस अर्ध्या तिकिटावर फिरायचं, हा माझ्या मते सगळ्यात चांगला मेळ आहे. पण हे दिवस आधी पक्के ठरवावे लागतात, कारण तिकीट बदलत नाही.

ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या प्रसिद्ध गाड्यांबद्दलही इथेच सांगतो. पास असला तरी त्यांचं आरक्षण वेगळं काढावं लागतं आणि ते चांगलंच महाग पडतं. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही धावतात. तेच पूल, तेच बोगदे, तीच दरी. आरक्षणाची सक्ती नाही आणि खिडकी बऱ्याचदा उघडते. मोठ्या काचेच्या डब्यात खिडकी बंद असते आणि फोटोत समोरच्या काकांच्या स्वेटरचं प्रतिबिंब येतं.

दुसरीकडे, तिकिटाशिवाय चढण्याची कल्पना मनातूनही काढून टाका. स्टेशनवर फाटक नसतं, तपासनीस मात्र असतो, आणि दंड शंभर फ्रँकच्या घरात जातो.

डोंगर एकच निवडा

स्वित्झर्लंडमध्ये एका दिवसात सगळ्यात मोठा खड्डा पाडणारी गोष्ट म्हणजे डोंगरमाथा. युंगफ्राऊयोखचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे. तिथे जाणारी रेल्वे 1896 ते 1912 अशी सोळा वर्षं खणून बांधली आणि तिचा बराचसा भाग आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जातो. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट हंगामात अडीचशे फ्रँकच्या आसपास, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये माणशी. अर्ध्या तिकिटातही पावणेचौदा हजार. वर ‘बॉलीवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, कपात गरम पाणी ओतून मिळणारे नूडल्सही आहेत, आणि दोन्हींची किंमत उंचीला शोभेलशी आहे.

एवढे पैसे द्यावेत का? पहिल्यांदा बर्फ बघणारी मुलं असतील, हवामान स्वच्छ असेल, तर नक्की. पण युंगफ्राऊ, टिटलिस आणि शिल्टहॉर्न असे तिन्ही एकाच सहलीत करणं म्हणजे एकाच बर्फासाठी तीनदा पैसे मोजणं. एक बर्फाचा डोंगर आणि एक हिरवा डोंगर पुरे होतात. रिगी हिरव्यासाठी उत्तम: तिथली रेल्वे 1871 पासून चालते, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे तीच, आणि वरून तळी दिसतात ती युंगफ्राऊवरून दिसत नाहीत.

डोंगराचं तिकीट मुंबईतून महिनाभर आधी काढू नका. बहुतेक शिखरांवर थेट चित्र दाखवणारे कॅमेरे आहेत आणि ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. बऱ्याच हॉटेलांच्या टीव्हीवरही सकाळी तेच चालू असतात. खाली ऊन असताना वर दाट ढग असणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. मुक्कामाच्या तीन दिवसांपैकी जो दिवस मोकळा दिसेल तो डोंगराला द्यायचा.

आणि फुकट काय आहे, याची यादी मोठी आहे. लाउटरब्रुनेनच्या दरीत सुमारे 297 मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा रस्त्यावरून दिसतो. तिथून श्टेखेलबेर्गपर्यंत सपाट वाट आहे, आजी-आजोबाही चालू शकतात. शाफहाउझनजवळचा ऱ्हाइन धबधबा उत्तरेच्या काठावरून विनातिकीट पाहता येतो. बर्नमध्ये आरे नदीकाठचा मार्झिली हा जलतरण तलाव सगळ्यांना मोफत आहे. उलट ब्रिएन्झ तळ्यावरच्या इझेल्टवाल्डमध्ये एका लाकडी धक्क्यावर पाऊल ठेवायला पाच फ्रँक लागतात. एका कोरियन मालिकेतलं दृश्य तिथे चित्रित झालं, गर्दी लोटली, आणि गावाने फाटक बसवलं. तळं मात्र दहा पावलं बाजूला उभं राहिलं तरी तेच आणि फुकट.

पोटाचा हिशेब

मिग्रो आणि कोऑप ही दोन नावं लक्षात ठेवा. जवळपास प्रत्येक गावात यांपैकी एक तरी दुकान असतं. मिग्रोचा ‘एम बजेट’ आणि कोऑपचा ‘प्री गारांती’ हे स्वस्त मालाचे शिक्के आहेत. दही, पाव, पास्ता, फळं, चॉकलेट, सगळं त्यात मिळतं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी सॅलड, सँडविच आणि बेकरीच्या मालावर 25 किंवा 50 टक्के सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. त्यावर टपून बसण्यात काही कमीपणा नाही, स्थानिक लोकही तेच करतात. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांमधली उघडी असतात, पण शनिवारी संध्याकाळी खरेदी उरकलेली बरी.

बसून गरम जेवायचं असेल तर या दोन्ही साखळ्यांची स्वयंसेवा रेस्टॉरंटं आहेत. ताट आपण भरायचं, पंधरा-वीस फ्रँकमध्ये पोट भरतं. म्हणजे पुन्हा तोच ठोकताळा: वाढणारा माणूस वजा झाला की बिल उतरतं. साध्या रेस्टॉरंटमध्ये मुख्य पदार्थ पंचवीस ते पस्तीस फ्रँक, भारतीय रेस्टॉरंटमध्येही तेवढेच, आणि नान-भात बऱ्याचदा वेगळे मोजतात. झ्युरिकमध्ये 1898 पासून चालत आलेलं हिल्ट्ल हे शाकाहारी उपाहारगृह आहे. ताटातल्या अन्नाचं वजन करून पैसे घेतात, तेव्हा भाताचा डोंगर करताना भान ठेवा. सेवाशुल्क 1974 पासून बिलातच धरलेलं असतं. टीप द्यायलाच हवी असं काही नाही. खूश असाल तर वरचे सुटे सोडायचे.

पाण्याची बाटली विकत घेणं हा शुद्ध अपव्यय. एकट्या झ्युरिक शहरात बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर त्यांचं पाणी थेट प्यायचं. एक रिकामी बाटली घेऊन जा, झालं. रेस्टॉरंटमध्ये मात्र साध्या नळाच्या पाण्याचेही पैसे लावू शकतात, आधी विचारून घ्या.

आता घरून न्यायच्या शिदोरीबद्दल. चिवडा, भडंग, थेपले, मेतकूट, चटण्या, पाणी घालून होणारे पोहे-उपमा हे सगळं चालतं आणि भरपूर पैसे वाचवतं. चालत नाही ते दूध आणि मांसाचं. युरोपबाहेरून असे पदार्थ नेण्याला बंदी आहे, त्यामुळे तुपाची बरणी, पेढे, चितळ्यांची बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मे महिन्यात तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह अनेकांना होतो. ती विमानतळावर जप्त होऊ शकते.

राहायचं कुठे

दोघांसाठी साधं तीन तारांकित हॉटेल दीडशे ते अडीचशे फ्रँकच्या दरम्यान, गाव आणि हंगाम बघून. कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बहुतेक वेळा सरस ठरतं, कारण खोलीत वाचतात त्यापेक्षा जास्त पैसे जेवणात वाचतात. एकटे असाल तर युथ होस्टेल स्वच्छ आणि व्यवस्थित असतात. नावात ‘युथ’ असलं तरी पन्नाशीचे लोकही उतरतात.

खोलीच्या दराशिवाय माणशी रोज काही फ्रँक पर्यटन कर द्यावा लागतो. त्याच्या बदल्यात बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मिळतं आणि ते सोन्यासारखं असतं. बासेल, बर्न, जिनिव्हा, लोझान या शहरांत मुक्कामी पाहुण्यांना शहरातला बस-ट्रामचा प्रवास मोफत. इंटरलाकेनमध्ये स्थानिक बस मोफत. दक्षिणेच्या तिचिनो प्रांतात तर रात्र काढणाऱ्याला अख्ख्या प्रांताची सार्वजनिक वाहतूक मोफत मिळते. झ्युरिकमध्ये अशी सोय नाही. तिथे एकच रात्र ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

मग एक हुशार कल्पना सुचते: सीमेपलीकडे राहू. बासेलची आठ नंबरची ट्राम थेट जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाते, जिनिव्हातून ट्रामने फ्रान्समधल्या आनमासला पोचता येतं, आणि तिथे खोल्या खरोखर स्वस्त आहेत. एक-दोन रात्रींसाठी छान. पण व्हिसाचं भान ठेवा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज जिथे जास्त रात्री घालवणार त्या देशाकडे करायचा असतो. सगळी सहल स्वित्झर्लंडची आणि झोप मात्र फ्रान्समध्ये, असं बुकिंग स्विस व्हिसाच्या अर्जाला जोडलं तर प्रश्न विचारले जातील.

व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना 45 युरो, आणि अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्याकडे माणशी दिवसाला सुमारे 100 फ्रँक असावेत अशी स्विस अधिकाऱ्यांची अपेक्षा असते. बँक खात्यात ऐनवेळी कुणाकडून तरी मोठी रक्कम फिरवून आणलेली त्यांना दिसते, ती युक्ती नको. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळी सुट्टीत अर्ज केंद्राच्या तारखा संपतात, तेव्हा विमान आणि व्हिसा ही कामं सगळ्यात आधी.

बँक कापते ते

हा खर्च कुणाच्याच वहीत नसतो. बहुतेक क्रेडिट कार्डं परदेशातल्या व्यवहारावर 2 ते 3.5 टक्के जादा आकारतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचं कार्ड असेल तर प्रत्यक्षात 4.13 टक्के जातात. तिथे 3,400 फ्रँक खर्च झाले, म्हणजे 3 लाख 74 हजार, तर बँकेने पंधरा हजारांच्या वर घेतले. एका माणसाचं युंगफ्राऊचं अर्धं तिकीट त्यात आलं असतं. परदेशी व्यवहारावर शुल्क न लावणारं किंवा कमी लावणारं कार्ड घ्या, नाहीतर फॉरेक्स कार्डात फ्रँकच भरून ठेवा. युरो भरलेत तर दोनदा बदलणावळ जाईल. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही आणि चलन त्याचं स्वतःचं. फोनच्या रोमिंग पॅकबाबतही हीच गोची होते, अनेक ‘युरोप’ पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसतं.

दुकानात कार्ड लावलं की यंत्र विचारतं, रुपयात द्यायचे की फ्रँकमध्ये? दरवेळी फ्रँक निवडा. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं आणि तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो.

जुन्या प्रवासवर्णनातले आकडे वापरतानाही जपून. 2016 च्या सुमारास फ्रँक सत्तर रुपयांच्या आसपास होता. 2025 मध्ये त्याने शंभरी ओलांडली. तिथे किंमत तीच राहिली असती तरी आपल्या खिशाला ती दीडपट झाली असती. म्हणून बजेट फ्रँकमध्ये मांडायचं आणि रुपयात शेवटी एकदाच बदलायचं, तेही तेव्हाच्या दरापेक्षा तीन-चार रुपये जास्त धरून.

एक मांडलेला हिशेब

पुण्याचं तिघांचं कुटुंब, आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. सात रात्री, आठ दिवस, सप्टेंबर. ल्युसर्न दोन रात्री, इंटरलाकेनजवळ चार, झ्युरिक एक. आकडे माझ्या अंदाजाचे, पण वास्तवाला धरून.

विमान माणशी 70 हजार धरलं तर 2 लाख 10 हजार. व्हिसा, विमा वगैरे 35 हजार. तिकडचा खर्च असा: स्वयंपाकघर असलेल्या जागेत राहणं रात्री सरासरी 190 फ्रँकप्रमाणे 1,330, पर्यटन कर 60. दोन हाफ फेअर कार्डं 300, अर्ध्या भाड्याचे सगळे प्रवास दोघांचे मिळून 480, मुलगी फॅमिली कार्डावर. युंगफ्राऊ दोघांचे 250. दुकानातलं खाणं रोज 45 प्रमाणे 360, बाहेर तीन जेवणं प्रत्येकी 90 म्हणजे 270, कॉफी-आइस्क्रीम 100. लॉकर, स्वच्छतागृहं, चॉकलेटं, मुलीच्या डोंगरी तिकिटासारखं किरकोळ 250. बेरीज 3,400 फ्रँक, म्हणजे 3 लाख 74 हजार. अडीअडचणीला त्याचे दहा टक्के जोडा. एकूण साडेसहा लाखांच्या जरा वर.

आता हेच कुटुंब स्वयंपाकघराऐवजी 260 फ्रँकच्या हॉटेलात राहिलं, न्याहारी हॉटेलात आणि दुपार-रात्रीची चौदाही जेवणं बाहेर केली, आणि टिटलिस जोडलं. राहण्यात 490 फ्रँक वाढले, खाण्यात सुमारे 630, टिटलिसमुळे शंभरेक. जवळजवळ 1 लाख 34 हजार रुपये जास्त. त्यात डोंगराचा वाटा सगळ्यात लहान आहे. लोक ‘टिटलिस महाग म्हणून वगळलं’ म्हणतात आणि रोज रात्री नव्वद फ्रँकचं जेवण जेवतात.

ग्रुप टूर घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. सत्तरीच्या सासूबाई, सामान चढवणं-उतरवणं, रोजचं आपल्या चवीचं जेवण, हे सगळं एका रकमेत सुटतं आणि कधी कधी ती रक्कम रास्तही असते. फक्त तुलना करताना युंगफ्राऊ ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळं लावलंय का, हॉटेल गावापासून किती लांब आहे आणि दुपारची जेवणं धरली आहेत का, हे विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा कर, कापला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, पण तो खर्च नव्हे. आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. तोवर पैसे अडकतात एवढंच.

तारखांबद्दल शेवटचं. जुलै-ऑगस्ट सगळ्यात महाग. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबर या काळात खोल्या थोड्या उतरतात आणि हवा चांगली असते. नोव्हेंबरमध्ये खोल्या आणखी स्वस्त दिसतील, पण त्या महिन्यात बऱ्याच केबल कार आणि डोंगरी गाड्या वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचं ठरवत असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी आपल्या डोंगराचं वेळापत्रक उघडून पाहा.